स्टँप पेपरवर आई बदलत नाही

पत्र

आम्ही सत्तरी तालुक्यातले. माझं वय 46, यजमानांचं 49. ते सरकारी नोकरीत, मी क्रेडिट सोसायटीत. मुलगा 19 वर्षांचा, फर्मागुडीला इंजिनियरिंगला आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात बाल कल्याण समितीच्या आदेशावरून 9 वर्षांची एक मुलगी आमच्या घरी फॉस्टरला, म्हणजे दत्तक न घेता सांभाळायला, आली. इथं तिला मनू म्हणते. तिला वडील नाहीत. आई बांबोळीला मनाच्या आजारावर उपचार घेत होती. आता बरी आहे म्हणतात. काजूच्या कारखान्यात जाते, भाड्याच्या खोलीत राहते आणि महिन्यातून दोनदा मनूला भेटायला येते. येताना खाजं नाहीतर चण्याची पुडी आणते. ती पुडी मनू कुणाला देत नाही, उशाशी घेऊन निजते. पुढचे दोन दिवस तिच्या अंगात आल्यासारखं होतं. जेवत नाही, आदळआपट करते, एकदा अंथरूणही ओलं केलं. एरवी गुणी पोर. पण मला अजून 'टीचर' म्हणते, संस्थेत म्हणायची तसं. पाणी प्यायचं तरी विचारते, 'टीचर, उदक पिऊं?' सव्वा वर्ष एवढं करून मी टीचरच?

आम्हांला ती कायमची हवी आहे. दोन वर्षं झाली की फॉस्टरमधलं मूल दत्तक घेता येतं असं कळलं. माझा भाऊ वकिलाकडे कारकून आहे. तो म्हणतो, थांबता कशाला, तिच्या आईला काही पैसे देऊ, स्टँप पेपरवर लिहून घेऊ, नोटरी करू. गरीब बाई आहे, सही करील. सासूबाई म्हणतात, 'परक्याचें भुरगें तें, आयज ना फाल्यां वतलें.' परक्याचं पोर, आज ना उद्या जायचंच. आणि लगेच म्हणतात, असू दे, तुझ्या हाताखाली होईल. दिरांना काळजी की दत्तक घेतली तर उद्या इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या कोर्टातल्या कामात, तिचं नाव येईल, घराची वाटणी अजून व्हायची आहे. शेजारीण म्हणते, सरकार चार हजार देतं म्हणून ठेवलीय. त्यात दर महिन्याला चौकशीला माणसं येतात, ती कुठं निजते ते बघतात, जणू आम्ही पोर पळवून आणलंय.

आईच्या भेटी बंद करता येतील का? दत्तकाचं कसं करू? आणि आता तिची आई म्हणते, गणेश चवथीला तुमच्या घरी येऊ का? काय सांगू?

एक वाचक, सत्तरी

उत्तर

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण घाईची गोष्ट चौथीच आहे आणि ती तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. भावाचा तो स्टँप पेपर. भाऊ तुमच्या भल्याचंच बघतोय यात शंका नाही, पण त्याला आजच फोन करा आणि विषय संपवा.

मनू समितीच्या आदेशानं तुमच्याकडे आहे. तिच्या आईनं तुम्हांला खाजगीत काहीही लिहून दिलं, त्यावर नोटरीचे दहा शिक्के मारले, तरी त्या कागदानं मनू तुमची होत नाही. उलट तुम्ही अडकता. 2015च्या बाल न्याय कायद्यात ठरलेली वाट सोडून मूल दत्तक देण्याघेण्याला कलम 80 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. आणि मधे पैसे आले की गोष्ट मुलाच्या खरेदी-विक्रीवर जाते. त्याला कलम 81, पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. विकणाऱ्यालाही आणि विकत घेणाऱ्यालाही. म्हणजे तुम्ही, तुमचे यजमान आणि कारखान्यात काजू सोलणारी ती बाई, सगळेच त्यात. मनू परत संस्थेत.

समजा कुणालाच कळलं नाही. तरी मनू पंधरा-सोळा वर्षांची झाली की कपाटातले कागद तिच्या हाती लागणारच. त्यावर तिच्या आईची सही असेल, तारीख असेल आणि आकडा असेल. तिला तो कसा समजावून सांगणार आहात?

आईला खरोखरच मूल सोपवायचं असेल तर त्याची जागा बाल कल्याण समितीपुढे. समिती चौकशी करते, तिच्याशी बोलून तिला सगळं समजावते, कागद समितीसमोर होतो आणि त्यानंतरही फेरविचाराला तिला दोन महिने मिळतात. ते पाऊल तिचं तिनं उचलायचं. तुम्ही सुचवायचंसुद्धा नाही. तुमच्या घरी तिचं मूल आहे, तेव्हा तुमची सूचना तिला सूचना वाटणारच नाही, अट वाटेल.

आता दोन वर्षांचं. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, पण अर्धं. फॉस्टर कुटुंबाला दत्तक घेता यावं यासाठी आधी पाच वर्षांची अट होती. केंद्र सरकारच्या 2024च्या आदर्श फॉस्टर केअर मार्गदर्शक तत्त्वांनी ती दोनवर आणली. पण ही अट तुमच्या बाजूची झाली. मुलाच्या बाजूची अट तशीच आहे. मूल दत्तकासाठी कायद्यानं मोकळं असलं पाहिजे, म्हणजे अनाथ, सोडून दिलेलं किंवा रीतसर सोपवलेलं, आणि तसं समितीच्या निदान तीन सदस्यांनी ठरवून जाहीर केलेलं असलं पाहिजे. मनू यातल्या कशातच बसत नाही. तिची आई आहे, आजारी होती, औषध घेतेय, कामाला जातेय आणि महिन्यातून दोनदा बस पकडून येतेय. मनाचा आजार झाला एवढ्यावरून कुणी मूल सोडून दिलं असं होत नाही. मधुमेहानं कुणी दवाखान्यात पडलं असतं तर आपण असा विचारही केला नसता.

तेव्हा तुमची दोन वर्षं पुढच्या मे महिन्यात पुरी झाली तरी त्या दिवशी आपोआप काही होणार नाही. कॅलेंडरवर खूण केली असेल तर ती पुसा. फॉस्टरच्या कलम 44 मध्येच लिहिलंय की आईवडील फॉस्टर घरात मुलाला भेटू शकतात, समितीला भेटी मुलाच्या हिताच्या वाटल्या नाहीत तरच त्या थांबतात आणि त्याची कारणं लेखी द्यावी लागतात. आईवडील सांभाळायला समर्थ झाले असं समितीला वाटलं की मूल त्यांच्याकडे परत जाऊ शकतं, हेही तिथंच आहे. मनूला तुमच्याकडे दिली ती या बोलीवर. मूल घरात येण्याच्या गडबडीत हे वाक्य बहुतेक जणांच्या कानावरून जातं, म्हणून मुद्दाम सांगते.

स्पष्टच बोलायचं तर आजच्या घडीला मनू तिच्या आईकडे परत जाण्याची शक्यता जास्त आहे. हे माहीत असूनही तुम्ही तिला सांभाळायला तयार आहात का, हा प्रश्न आधी तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारा. सासूबाई 'आयज ना फाल्यां' म्हणतात ते कठोर आहे, पण माहिती म्हणून चुकीचं नाही. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. जाणार आहे म्हणून हातचं राखून वाढवलेल्या मुलाला ते राखलेलं लगेच कळतं.

तुम्हांला दत्तकच हवं असेल तर ती वाट वेगळी आणि ती तुम्हांला मोकळी आहे. 'कारा' ही दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या केअरिंग्ज पोर्टलवर नोंदणी करा. आठ वर्षांवरच्या मुलासाठी नवराबायकोच्या वयाची बेरीज 110 पर्यंत चालते, तुमची 95 होते. तान्ह्या बाळांसाठी रांग वर्षानुवर्षांची, आठ-दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र विचारणारं कुणी नसतं, आणि त्यांतली कित्येक कायद्यानं मोकळी असतात. फक्त एक करू नका. दुसरं मूल यावं म्हणून मनूची मुदत मधेच तोडू नका. समिती फॉस्टरची मुदत वाढवत जाऊ शकते, गरज पडली तर मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. आणि पुढं परिस्थिती पालटली, आईनंच समितीपुढे तसं ठरवलं किंवा आई राहिली नाही, तर इतकी वर्षं मूल वाढवलेल्या घराचा विचार आधी होईल हे उघड आहे. तेव्हाही मनूला विचारलं जाईलच. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते. आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, सप्टेंबर 2022 पासून.

तर मग भेटी. बंद करता येतील का, याला कायद्याचं उत्तर वर दिलं. माझं उत्तर असं की बंद करूच नयेत, आणि ज्या दोन दिवसांना तुम्ही घाबरलात त्यांच्याकडे थोडं वेगळ्या नजरेनं बघा. आई भेटून गेली की मूल बिथरतं. यावरून भेट वाईट झाली असं धरायचं कारण नाही. पुष्कळदा भेट चांगली झाली म्हणूनच मूल बिथरतं. पंधरा दिवस दाबून ठेवलेलं तासाभरात वर येतं आणि मग ते कुठंतरी काढावं लागतं. आईसमोर काढलं तर ती परत येणार नाही अशी भीती. तुमच्यासमोर काढलं तर चालतं, कारण तुम्ही टाकणार नाही याची थोडी खात्री तिला पटत चाललीय. आदळआपट तुमच्या वाट्याला येते त्याचं कारण हे. सुखाचं नाही, पण वाईट लक्षणही नाही. आई काय म्हणाली या चौकशीपायी मूल आणखी मिटून जातं, म्हणून परतल्यावर प्रश्न विचारू नका. त्या संध्याकाळी पाहुणे नकोत, शिकवणी नको, बाजार नको. साधी पेज, लोणचं, लवकर निजणं. अंथरूण ओलं झालं तर न बोलता चादर बदला. भेटीचा वार आणि जागा ठरलेली ठेवा आणि आदल्या दिवशी आठवण द्या. आई येऊ शकली नाही तर 'बस चुकली असेल' अशी थाप मारू नका. 'आज येऊ शकली नाही, मी फोन करून विचारते' एवढंच सांगा आणि खरंच विचारा. हे सगळं करूनही अंथरूण ओलं होणं महिनोन्‌महिने चाललं, किंवा भेटीतच काही बिनसतंय असं दिसलं, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समुपदेशकाला लेखी कळवा. तिथं ठरेल ते ठरेल. तुम्ही एकटीनं ठरवायचं ओझं घेऊ नका.

आणि ती पुडी. उशाशी राहू दे. मुंग्या येतील म्हणून तुमचा जीव खालीवर होणार हे मला माहीत आहे. घट्ट झाकणाचा एक डबा तिला द्या, तिच्या हातानं पुडी त्यात ठेवू द्या आणि डबा उशाशी. वाटून खायला शिकवायचं असेल तर शेव-चिवड्यावर शिकवा. आईनं आणलेलं खाजं हे त्या पोरीजवळ आईचं एवढंच असतं.

'टीचर'वरून तुम्ही दुखावलात ते पत्रात जाणवतं. पण बघा, संस्थेत एक बाई आणि पुष्कळ पोरं. तिथं विचारल्याशिवाय पाणी नाही, विचारल्याशिवाय उठायचं नाही. ज्या बाईला विचारायचं तिचं नाव टीचर. मनूच्या लेखी टीचर म्हणजे जिच्या हातात आपलं खाणंपिणं आणि निजणं असतं ती. तुम्हांला ती परकी मानते असा अर्थ मी तरी काढणार नाही. तिला 'आई' म्हणायला लावू नका, लाडानंसुद्धा नाही, आणि सासूबाईंना किंवा मुलालाही तसं सुचवू देऊ नका. तिच्याकडे आई आहे. दुसरीला आई म्हटलं तर पहिलीचं काय होईल, हे नऊ-दहा वर्षांचं मूल कुणाला विचारत नाही, मनातल्या मनात ठरवून टाकतं. एकदा सहज विचारा, 'मला काय म्हणशील?' मावशी म्हणाली तर उत्तम. टीचरच म्हणाली तर टीचर. तुमचा मुलगा मोठ्यानं हसेल, हसू दे.

पाण्याचं मात्र बदलता येईल. बोलून फारसं होत नाही. 'अगं, विचारायचं नसतं' हे दहादा सांगितलं की त्याचीही एक शिस्त होते आणि मूल दहादा चुकतं. स्वयंपाकघरात तिचा हात पोचेल अशा जागी एक कळशी ठेवा, वर तिचा स्वतःचा पेला. एकदाच सांगा की या घरात पाणी, संडास-मोरी आणि भूक लागणं यांना विचारावं लागत नाही. तरी तिनं विचारलं तर उत्तर न देता तुम्ही स्वतः उठून पाणी प्या आणि तिचा पेला तिच्या हाती द्या. काही महिने जातील. एक दिवस ती न विचारता पाणी पिऊन अर्धं जमिनीवर सांडेल. तेव्हा रागावू नका.

आता चौकशीला येणाऱ्या माणसांबद्दल. तुमचा वैताग समजतो. कुणी आपल्या घरात येऊन मूल कुठं निजतं ते बघावं, ताटात काय होतं ते विचारावं, हे कुणाला आवडेल? पण समितीनं दर महिन्याला फॉस्टर घराची पाहणी करावी असं कायदाच सांगतो, आणि ती का करावी हे गोव्यात राहणाऱ्या माणसाला तरी सांगायला नको. आपल्याकडे मोठ्या घरांतून पोसकी मुलं वाढत. कुणा गरिबाचं, कुणा विधवेचं, कुणा न सांगण्याजोगं. दोन वेळचं मिळे, कपडे मिळत, घरातल्यासारखंच आहे असं सगळे म्हणत. आणि त्यांतली कितीतरी जणं आयुष्यभर त्याच घरात राबली. पगार नाही, वाटा नाही. घरची पोरं शाळेत गेली आणि ती विहिरीवर. काही घरांनी पोटच्यासारखं वाढवलं हेही खरं, पण कोणत्या घरात काय चाललंय हे बघायला बाहेरचं कुणी कधी गेलं नाही. आज जातं. माझ्या मते ही या कायद्यातली सर्वांत चांगली गोष्ट आहे, तुमच्या घरापुरती ती अनावश्यक असली तरी.

आणि म्हणून सासूबाईंचं 'हाताखाली होईल' मी हसण्यावारी नेणार नाही. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून सहज गेलं असेल, पण जुनी चाल अशाच वाक्यावरून घरात परत शिरते. मोजमाप सोपं आहे. तुमचा मुलगा मनूच्या वयाचा असताना घरात काय करत होता ते आठवा. आपलं ताट उचलत असेल, दुकानातून पाव आणत असेल, आजोबांना चष्मा शोधून देत असेल. तेवढं मनूनं करावं, वर काही नाही. आणि मुलगा काहीच करत नव्हता असं उत्तर आलं, तर दोघांनाही आता कामाला लावा.

शेजारणीचं थोडक्यात. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेखाली फॉस्टरमधल्या मुलासाठी महिन्याला 4000 रुपये आहेत आणि ते मुलासाठीच आहेत. एक वही घाला, शाळा, कपडे, डॉक्टर यांचा खर्च त्यात लिहा. तुम्ही सोसायटीत नोकरी करता, तुम्हांला हिशेब शिकवायला नको. वही समितीच्या माणसांना दाखवा. शेजारणीला दाखवायची गरज नाही.

दिरांचा मुद्दा मात्र खोटा नाही, फक्त चुकीच्या जागी लागलाय. फॉस्टरमधल्या मुलाला वारसाहक्क नसतो. म्हणजे आज मनूमुळे घराच्या वाटणीत काडीचाही फरक पडत नाही, हे त्यांना सांगून मोकळे व्हा. दत्तक झाली तर गोष्ट वेगळी. कायद्याच्या कलम 63 प्रमाणे दत्तक मूल सर्व अर्थांनी पोटच्या मुलासारखं होतं, वारशासकट. गोव्यात त्याला जास्त वजन आहे, कारण आपल्या 2012च्या वारसा कायद्याप्रमाणे माणसाला मृत्युपत्रानं आपल्या मालमत्तेचा अर्धा भागच मनासारखा देता येतो, उरलेला अर्धा मुलांसाठी राखीव. कुणी म्हणालं की दत्तक घ्या पण मृत्युपत्र करून तिला वगळा, तर ते जमायचं नाही. पण यातून दिरांचा हिस्सा कमी होत नाही. वाटे होतात ते तुमच्या यजमानांच्या आणि तुमच्या हिश्शाचे. वाटेकरी वाढतो तो तुमच्या मुलाला. तेव्हा उद्या कधी दत्तकाची वेळ आली तर बोलायचं दिरांशी नाही, मुलाशी. 19 वर्षांचा आहे, त्याला आकडे समजतात. त्याला न सांगता केलंत तर तो राग मनूवर निघेल. आणि मनू फॉस्टरमध्येच राहिली, पुढं तिच्यासाठी काही ठेवावंसं वाटलं, तर आपल्या त्या मोकळ्या अर्ध्यातून मृत्युपत्रानं ठेवता येतं. त्याला आज घाई नाही.

याहून आधी करण्यासारखं एक काम आहे आणि ते तुमच्या पत्रात कुठंच नाही. मनू परत गेली तर त्यानंतर काय? आईचा आजार पुन्हा उलटू शकतो. औषध चुकलं, कारखाना बंद पडला, पावसाळ्यात काम नसलं, तर मनू पुन्हा संस्थेत? प्रत्येक मुलाचा एक काळजी-आराखडा समितीकडे असतो. त्यात तुमचं नाव नातं म्हणून राहावं, गरज पडल्यास मनू आधी तुमच्याकडे यावी, सुट्टीत तिला येता यावं, असं लेखी मागा. आईला सांभाळता यावं म्हणून मिशन वात्सल्यमध्येच प्रायोजकत्व म्हणून मदत आहे, तीही महिन्याला 4000. पतीविना मूल वाढवणाऱ्या आईला ती मिळू शकते. तुम्हांला अर्ज लिहिता येतो, कचेरीत कुणाला भेटायचं ते कळतं. तिला बहुधा नाही. स्टँप पेपरवर जाणार होते ते पैसे आणि ती खटपट इकडे वळवा. यात त्यागबिग काही नाही. त्या बाईचा तुमच्यावर विश्वास बसला तर मनू तुमच्या आयुष्यातून जात नाही. नाही बसला तर ती ज्या दिवशी आईकडे गेली त्या दिवशी संपलं.

एक वही मनूलाही करून द्या. आईचं नाव, जन्मगाव, आईचा एखादा फोटो, संस्थेतल्या मैत्रिणी, तुमच्या घरी आल्याचा दिवस, शाळेची प्रगतिपत्रकं. लिहायचं तिनं, चिकटवायला मदत तुम्ही. शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर तिचं जे नाव आहे तेच राहू द्या, हौसेनं आपलं आडनाव लावू नका. गोव्याबाहेर, अगदी सावंतवाडीला लग्नाला न्यायचं झालं तरी आधी समितीला कळवा.

राहिली चवथ. येऊ दे की तिला. पण चवथीच्या दिवशी नको. त्या दिवशी तुमच्या घरात पंचवीस-तीस माणसं असतील आणि सगळी त्या बाईकडे बघत बसतील. ही कोण, हिला काय झालं होतं, हिच्या अंगावर साडी कुठली. मनू आईला लाजेल आणि लाजली म्हणून रात्रभर रडेल. त्यापेक्षा तयेला, चवथीच्या आदल्या दिवशी, सकाळी बोलवा. तेव्हा सगळ्यांचे हात कामात असतात आणि डोळे माटोळीकडे, गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीकडे. तुमच्या सत्तरीत तर रानातून आणलेल्या कांगल्यांचा, आंबाड्यांचा ढीग ओसरीवर पडलेला असतो. तो निवडायला मायलेकी बसल्या तर कुणाला वेगळं काही वाटणार नाही. तवशी, नारळाची पेंड, सुपारीचे घड दोरीनं बांधायचे असतात, काजू सोलून सोलून त्या बाईचे हात तयार आहेत. दुपारी सर्वांबरोबर पंगतीला बसवा, स्वयंपाकघरात वेगळं पान नको, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. जाताना तिच्याबरोबर एखादा नारळ आणि करंज्या द्या, त्या मनूच्या हातून. एक फोटो काढा, तो मनूच्या वहीसाठी. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसला मनूचा कुठलाच फोटो लावू नका. समितीच्या देखरेखीखालच्या मुलाची ओळख बाहेर जाऊ नये असा कायदा आहे, आणि चवथीचे फोटो बघता बघता कुठं पोचतात ते तुम्ही जाणताच.

हे सगळं समितीच्या परवानगीनं. भेट नेहमीच्या जागी नसून घरी आहे, तेव्हा जिल्हा बाल संरक्षण कक्षात दोन ओळींचा अर्ज द्या, तारीख आणि वेळ लिहून, पोच घेऊन. आणि तो याच आठवड्यात द्या. चवथ जवळ आली की कचेरीत सही करायला माणूस मिळत नाही.